दम लागलेल्या माणसाच्या हातात मावेल असं यंत्र

नेब्युलायझर, म्हणजे दम्याच्या पातळ औषधाचं धुकं करून ते श्वासातून देणारं यंत्र, विकत घ्यायला गेलेला माणूस दुकानात बऱ्यापैकी शांत असतो. उजेड असतो, बसायला स्टूल असतं, समोर माहितगार विक्रेता असतो. वापरायची वेळ येते तेव्हा यातलं काही नसतं. रात्र असते, छातीत शिट्टी वाजत असते, बोलायला श्वास पुरत नाही आणि हात थरथरत असतात. ज्यांचे हात एरवीही धड चालत नाहीत, ज्यांना दिसत नाही किंवा ज्यांची एक बाजू लुळी आहे, त्यांनी अशा वेळी काय करायचं हा विचार यंत्र आखताना फार कमी लोकांनी केलेला दिसतो. त्याबद्दल सविस्तर लिहायचं खूप दिवस मनात होतं.

मला दमा लहानपणापासून आहे. चाळिशीनंतर त्यात रुमॅटॉइड संधिवाताची भर पडली. नोकरी भोसरीच्या एका कारखान्यात, टूलरूमच्या ड्रॉइंग ऑफिसात झाली, त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की तिला धरायचं कुठे आणि जोर कुठे लावायचा हे आधी दिसतं. सकाळी उठल्यावर माझी बोटं तास-दीड तास वळत नाहीत. दमाही बऱ्याचदा पहाटेच वर येतो. म्हणजे औषध सगळ्यात जास्त लागतं तेव्हाच हात सगळ्यात कमी उपयोगाचे असतात.

आधी साध्या पंपाबद्दल, म्हणजे इन्हेलरबद्दल. औषधाची डबी प्लॅस्टिकच्या नळीत बसवलेली असते, अंगठा खाली आणि तर्जनी वर ठेवून दाबायची, आणि दाबतानाच सावकाश श्वास आत ओढायचा. या पंपाचा जन्म मला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत रायकर लॅबोरेटरीजचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. तेव्हा रबरी फुगा दाबून औषधाचा फवारा करावा लागे. ते तिला जड जाई, म्हणून तिने वडिलांना विचारलं, की केसांच्या स्प्रेसारख्या डब्यात माझं औषध का नाही घालत? १९५६ साली पंप बाजारात आला. एका मुलीच्या हाताला जुनी वस्तू जमत नव्हती, तिने ते बोलून दाखवलं आणि कोणीतरी ते ऐकलं. आपल्या तक्रारीला ‘वयामुळे होतं हो’ असं उत्तर मिळतं तेव्हा मला ही मुलगी आठवते.

पंपाचा दाब माझ्या अंगठ्याला झेपत नाही. मी स्पेसर लावते. स्पेसर म्हणजे पंपापुढे बसवायची पोकळ नळी किंवा फुगीर भांडं. औषध आधी त्यात सुटतं, मग आपण आपल्या गतीने श्वास घ्यायचा, त्यामुळे दाबणं आणि ओढणं एकाच क्षणी जमवावं लागत नाही. कापऱ्या हातांसाठी ही फार मोठी सोय आहे. स्पेसर टेबलावर उशीला टेकवून मी पंप दोन्ही तळव्यांनी दाबते. ब्रिटनमध्ये हेलरएड नावाची एक जोडणी निघाली होती, पंप तिच्यात बसवला की दोन बोटांच्या चिमटीऐवजी सगळ्या मुठीने दाबता येई. इतकी साधी गोष्ट आहे. श्वास ओढताच आपोआप औषध सोडणारे पंपही असतात, पण त्यातल्या काहींची खिट्टी आधी उचलून ताणून ठेवावी लागते, आणि ती उचलायला पुन्हा तोच अंगठा लागतो.

पंपात औषध किती उरलंय हा वेगळाच प्रश्न. माझी एक मैत्रीण कोथरूडला गाणं शिकवते. तिला दिसत नाही, आणि तिलाही दमा आहे. डोस संपले तरी पंपातून फवारा येतच राहतो, कारण ढकलणारा वायू शिल्लक असतो. हाताला तोच धक्का, कानाला तोच आवाज, आत औषध मात्र पुरेसं नाही. डबी पाण्यात तरंगवून बघायची जुनी युक्ती भरवशाची नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००३ साली नव्या पंपांना डोस मोजणारा आकडा असावा अशी सूचना काढली, आणि आता आपल्याकडेही आकडेवाले पंप मिळतात. पण तो आकडा तांदळाच्या दाण्याएवढा. औषधाची पावडर श्वासाने ओढायच्या काही यंत्रांत शेवटचे आकडे लाल होतात. लाल झालं हे माझ्या मैत्रिणीला कोण सांगणार? एका प्रकारचं यंत्र हलवलं की आत खुळखुळ वाजतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं औषध आहे. तो आवाज ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचा असतो, औषध संपल्यावरही तो तसाच येतो. न दिसणाऱ्या माणसाला खोटी ग्वाही देणारा आवाज यंत्रात असू नये, असं मला फार तीव्रतेने वाटतं.

मैत्रिणीने स्वतःची पद्धत बसवली आहे. नवा पंप उघडला की त्यात जितके फवारे तितके मणी एका डबीत घालते आणि प्रत्येक फवाऱ्याला एक मणी दुसऱ्या डबीत टाकते. पावडरची कॅप्सूल घालून वापरायच्या यंत्रात श्वास ओढताना कॅप्सूल आत फिरल्याचा आवाज येतो का ते ती ऐकते, आणि जिभेवर किंचित गोड लागतं का ते बघते. पावडरमध्ये दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, मिसळलेली असते. गोड लागलं तर कॅप्सूल उघडली. माहितीपत्रकात मात्र लिहिलेलं असतं, ‘कॅप्सूल रिकामी झाली का ते पारदर्शक भागातून पाहा.’

आता नेब्युलायझर. जुन्या पद्धतीचा म्हणजे कॉम्प्रेसरचा, दाबलेल्या हवेने धुकं करणारा, दीड-दोन किलोचा डबा. तो वायरीला बांधलेला, आणि आवाज असा की शेजारच्या फ्लॅटलाही कळावं. नव्या मेश नेब्युलायझरमध्ये अतिशय बारीक भोकांची एक जाळी थरथरते आणि औषधाचं धुकं करते. वजन शंभर-दोनशे ग्रॅम, बॅटरीवर चालतो, पर्समध्ये मावतो. पीएमपीच्या बसमध्येसुद्धा वापरता येतो. ज्यांना हातात जड काही धरवत नाही त्यांच्यासाठी हा बदल खरोखर मोठा आहे, आणि हे यंत्र बनवणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानते.

पण आवाजाबरोबर माहितीही गेली. कॉम्प्रेसरचं औषध संपत आलं की भांड्यात फुरफुर सुरू होते, ती दुसऱ्या खोलीतूनही ऐकू येते. मेशचं यंत्र सुरू झालं, बंद पडलं, औषध संपलं की बॅटरी संपली, हे सगळं एक बारीक दिवा सांगतो, कधी हिरवा, कधी नारिंगी. माझ्या मैत्रिणीला तळहात तोंडाशी धरून धुकं लागतंय का ते बघावं लागतं. सुरू झाल्याचा एक सूर, संपल्याचा वेगळा सूर आणि चार्जिंग कमी झाल्याचा तिसरा, एवढं वाढवायला किती खर्च येईल? आपल्या वॉशिंग मशीन कपडे झाले की गाणं म्हणतात.

बटणाचंही तेच. गुळगुळीत पृष्ठभागावर गुळगुळीत बटण, आणि एकच बटण कमी वेळ दाबलं तर एक काम, धरून ठेवलं तर दुसरं. कंप असलेल्या हाताने ते दोनदा दाबलं जातं आणि यंत्र सुरू होऊन लगेच बंद होतं. मी बटणावर कापडी चिकटपट्टीचा छोटा चौकोन लावला आहे. चार्जिंगचं तोंड जुन्या मायक्रो पद्धतीचं असेल तर पिन एकाच बाजूने जाते. टाइप सी कुठल्याही बाजूने जाते. डोळस माणसाला हा फरक किरकोळ वाटेल, पण विकत घेण्याआधी मी आता हेच आधी बघते. आणि जाळी साफ करणं. तिला बोट, कापूस, ब्रश काही लागता कामा नये, आणि ती बाहेर काढायची खिट्टी नखाने उचलायची. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकरचं पाणी येतं, त्यातले क्षार जाळीत बसू नयेत म्हणून मी शेवटी डिस्टिल्ड पाण्याने खंगाळते.

या सगळ्याहून वाईट वस्तू म्हणजे औषधाची ती इवलीशी प्लॅस्टिकची कुपी, रेस्प्यूल. दोन-अडीच मिलिलिटर औषध आणि वर पिरगाळून तोडायचा चपटा कान. तो धरायला दोन बोटांची घट्ट चिमटी लागते, आणि माझ्या आजारात आधी जाते ती नेमकी चिमटीच. आमच्या शेजारच्या नानांना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. त्यांना सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट विकार आहे. वहिनी घरात नसल्या की ते कुपीचा कान दातांत धरून तोडत. दम लागलेल्या माणसाच्या तोंडात प्लॅस्टिकचा सुटा तुकडा! हे ऐकल्यापासून मला चैन पडेना. आणि कुपीवरचं नाव कसं, तर पारदर्शक प्लॅस्टिकवर पारदर्शक उठावाची अक्षरं. घरात दोन प्रकारच्या कुप्या असतील तर चष्मा लावूनही त्या खिडकीशी नेऊन तिरप्या धराव्या लागतात. युरोपियन संघात २००४ सालच्या नियमांनुसार औषधाच्या खोक्यावर नाव ब्रेलमध्ये लागतं. आपल्याकडे मैत्रीण एका औषधाच्या पाकिटाला रबरबँड लावते, दुसऱ्याला लावत नाही.

टूलरूममध्ये आम्ही मायक्रोमीटर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं साधन, वापरायचो. त्याच्या मुठीला नर्लिंग असतं, म्हणजे तेलकट बोटंही घसरणार नाहीत अशी खरखरीत नक्षी. आणि टोकाला रॅचेट असतो. पैलवानाने फिरवा नाहीतर नवख्या पोराने, ठरलेल्या दाबानंतर तो कटकट करून नुसता फिरतो. माणसाच्या हाताचा जोर मापात येऊ नये म्हणून लोखंडाच्या कामासाठी इतका विचार झाला. फुप्फुसात जाणाऱ्या औषधासाठीही तो व्हावा.

मास्कबद्दल एक सांगायलाच हवं. पक्षाघाताने ओठ एका बाजूने मिटत नसतील तर तोंडात धरायची नळी गळते आणि मास्क बरा पडतो. इलॅस्टिकने तो बसला की हातही मोकळे. पण इप्राट्रोपियम हे श्वासनलिका सैल करणारं द्रव्य असलेलं औषध मास्कच्या फटीतून डोळ्यांत गेलं तर काचबिंदूच्या काही रुग्णांना अपाय होऊ शकतो. नानांना काचबिंदू आहे, म्हणून डॉक्टरांना विचारून त्यांच्यासाठी नळी आणि ओठांना वहिनींच्या बोटांचा आधार असं ठरलं. सोय एकाची आणि धोका दुसऱ्याचा, असं या वस्तूंत वारंवार होतं. म्हणून विचारल्याशिवाय बदल करू नये.

वाफाऱ्याच्या यंत्राबद्दल थोडक्यात. करोनानंतर ते घरोघर आलं. त्यात दम्याचं औषध घालायचं नसतं, आणि नुसती वाफ म्हणजे दम्याचा उपचार नाही. उकळतं पाणी, हलकं बूड आणि लोंबणारी वायर हे कापऱ्या हातांच्या माणसाजवळ ठेवू नये, एवढंच माझं म्हणणं.

कायदा आहे का? आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. त्याचं कलम ४३ म्हणतं की दिव्यांगांना वापरता येतील अशा सर्वसमावेशक रचनेच्या ग्राहकोपयोगी वस्तूंचा विकास, उत्पादन आणि वितरण यांना सरकारने चालना द्यावी. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येण्याचे, निकष नुसते शिफारशीच्या स्वरूपात ठेवता येणार नाहीत, बंधनकारक नियम करा. आपल्याकडे या चर्चेत रॅम्प, लिफ्ट, वेबसाइट येतात, आणि ते आलेच पाहिजेत. श्वासाची यंत्रं मात्र अजून त्या यादीत कोणी फारशी धरत नाही.

टिळक रोडवरच्या ज्या सर्जिकलच्या दुकानात मी जाते, तिथल्या मुलाला माझी पद्धत माहीत झाली आहे. यंत्र काउंटरवर ठेवायचं, डोळे मिटायचे आणि फक्त डाव्या हाताने झाकण उघडून, रिकामं भांडं लावून, बटण शोधून सुरू करायचं. जमलं तर पुढची बोलणी. परवा तो म्हणाला, “काकू, तुम्ही गेल्यावर मी पण करून बघितलं. त्या महागड्याचं झाकण मलाही एका हाताने निघालं नाही.” आता तो पक्षाघाताच्या रुग्णांच्या नातेवाइकांना आपणहून हे करायला लावतो. मला त्याचं फार कौतुक वाटतं.

कुपीसाठी मी एक ठोकळा आखला आणि भाच्याने तो सागवानाच्या तुकड्यातून करून दिला. ज्यांना हवा असेल त्यांच्यासाठी माप देते. ठोकळा साधारण १०० बाय ६० मिलिमीटर, उंची ४०. वरच्या बाजूला मधोमध करवतीने एक फट पाडायची, १२ मिलिमीटर खोल. रुंदी तुमच्या कुपीच्या कानाच्या जाडीपेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त. कंपनीप्रमाणे जाडी बदलते, म्हणून आधी मोजा. फटीच्या कडा पॉलिशपेपरने घासा. बुडाला रबरी चटईचा तुकडा चिकटवा, म्हणजे ठोकळा सरकणार नाही. असा तुकडा पुण्यात बोहरी आळीत सुटा मिळतो. कुपी उलटी धरून कान फटीत घालायचा आणि कुपीचं बूड सगळ्या मुठीत धरून पाव वळसा द्यायचा. कान फटीत राहतो. तोंड लहान असल्याने औषध लगेच सांडत नाही, पण कुपी दाबायची नाही, सरळ उचलून भांड्यावर न्यायची. वापर झाला की ठोकळा पुसून कोरडा ठेवायचा. नाना आता डाव्या हाताने एकटे कुपी उघडतात. माझ्या मैत्रिणीसाठी दुसरा करायला टाकलाय, त्यात फटीच्या दोन्ही टोकांना बोटाला लागतील असे खळगे ठेवायला सांगितले आहेत.