उजवा चॅनेल पुन्हा बोलू लागला

स्टिरिओ रिसीव्हर (रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकत्र असलेले यंत्र) सुरू केला की स्पीकरचा रिले, म्हणजे स्पीकर जोडणारा स्विच, लागण्याआधीच तो प्रोटेक्शनमध्ये, म्हणजे स्वसंरक्षणाच्या स्थितीत, जाऊन बंद पडत असे. आउटपुटवर स्पीकर जाळू शकणारे डीसी व्होल्टेज आल्याचे हे नेहमीचे लक्षण असल्याने मी त्याला स्पीकर अजिबात जोडले नाहीत. प्लग काढल्यावरही मुख्य कपॅसिटरांत धोकादायक चार्ज उरतो. म्हणून रेझिस्टर लावून तो उतरवला, मीटरने खात्री केली आणि मगच हात घातला.

उजव्या चॅनेलचा बिघाड शोधताना निरोगी डावा चॅनेल हाच माझा खरा नकाशा होता. मीटरच्या डायोड रेंजवर डाव्या आउटपुट ट्रान्झिस्टरचा (स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या भागाचा) बेस-एमिटर जोड एकाच दिशेने ०.५ व्होल्टच्या आसपास आकडा देत होता, तर उजवीकडे कलेक्टर-एमिटर दोन्ही दिशांनी शून्य, म्हणजे सरळ शॉर्ट. त्याच्या शेजारचा ०.२२ ओहमचा रेझिस्टर वरून धड दिसला, पण भिंग धरल्यावर त्यावर केसाएवढी चीर आढळली आणि तो ओपन, म्हणजे आतून तुटलेला, निघाला.

केवळ मेलेला भाग बदलणे मला पटत नाही, कारण शॉर्ट झालेला आउटपुट बहुधा ड्रायव्हरलाही (त्याला चालवणाऱ्या आधीच्या ट्रान्झिस्टरला) दुखावतो. त्यामुळे आउटपुटची जोडी, ड्रायव्हर आणि रेझिस्टर असे सगळेच बदलले, ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यामधल्या अभ्रकाच्या पत्रीला दोन्ही बाजूंनी ग्रीस लावले आणि हीटसिंकशी शॉर्ट नसल्याचे तपासले.

पहिला वीजपुरवठा सिरीजमध्ये ६० वॉटचा बल्ब जोडूनच दिला, म्हणजे कुठे शॉर्ट उरला असेल तर बल्ब प्रवाहाला आवर घालतो. बल्ब क्षणभर उजळला, मंदावला, आणि रिलेचा तो ‘टक्’ आवाज ऐकून मला मनापासून आनंद झाला. आउटपुटवर अवघे १२ मिलिव्होल्ट डीसी होते. बल्ब काढून, यंत्र तापू दिल्यावर सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे बायस (आवाज नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडा प्रवाह) लावला आणि मगच स्पीकर जोडले.