आमची वाटचाल : खऱ्या मापाची लाईन

इंदूरला समुद्र नाही, म्हणून इथे मासेमारीच्या सामानाचं दुकान चालतं हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना पटत नाही. पण जवळच चोरल नदी आहे, आणि घाट उतरला की नर्मदाकाठचे बडवाह, महेश्वर, ओंकारेश्वर. नर्मदा ज्याच्या दोन तासांवर आहे त्याला समुद्राची काय गरज?

बाबांनी राणीपुऱ्यात गळ, शिसं आणि नायलॉनची लाईन विकायला सुरुवात केली तेव्हा माल मुंबईहून मोठ्या रिळांवर येई. शंभर-शंभर मीटरचे रीळ आम्ही घरीच भरायचो. त्यासाठी बाबांनी एका खराद्याकडून हाताने फिरवायचं यंत्र करून घेतलं होतं. बिडाची बैठक, पितळेचं मोजणीचं चाक, आणि लाईनवर ताण राहावा म्हणून नमद्याच्या दोन चकत्या. ताण ढिला पडला की वरचा वेढा खालच्या वेढ्यांत रुततो आणि ऐन फेकीच्या वेळी लाईन अडकते. ते यंत्र आजही रोज चालतं. त्याच्या शेजारी मायक्रोमीटर आणि ताणकाटा. मायक्रोमीटर नेहमी रॅचेटनेच फिरवायचा. नायलॉन मऊ असतं, हाताने आवळलं की दबतं आणि ०.३५ मिलिमीटरची लाईन ०.३२ दिसते. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

बाबांचा नियम एकच होता. लाईन किती वजनाला तुटते त्याचे पौंड डब्यावर काहीही छापलेले असोत, आपल्या चिठ्ठीवर आपण मोजलेली जाडी आणि ओली गाठ तुटताना आपल्या काट्याने दाखवलेलं वजनच लिहायचं. कोरड्या लाईनचं वजन सांगणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं, कारण नायलॉन पाणी पितं आणि भिजल्यावर कमजोर होतं.

मधली बरीच वर्षं ठीक गेली. ब्रेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेली लाईन आली, तीही आम्ही विकली.

मग आमच्याच गल्ल्यामागे काम शिकलेल्या एका गृहस्थाने दोन गल्ल्या सोडून दुकान थाटलं. नाव घेत नाही. जाताना त्याने आमच्या ठोक गिऱ्हाइकांची वही उतरवून नेली होती, हे पुढे कळलं. लीडर म्हणजे लाईनच्या टोकाला, गळाजवळ बांधायचा तुकडा; तो खडकावर टिकावा म्हणून फ्लुरोकार्बन या नायलॉनपेक्षा जड धाग्याचा घेतात. त्याने ‘शंभर टक्के फ्लुरोकार्बन’ छापलेली लीडरची रिळं आमच्या एक तृतीयांश भावात काढली. खंडवा, खरगोन, धारचे दुकानदार एकेक करून तिकडे गेले. वर गावभर बोभाटा असा, की इतकी वर्षं आम्हीच लोकांना लुटत होतो. मुंबईच्या व्यापाऱ्याने उधारी बंद केली. मोटारसायकल विकली, वरची खोली भाड्याने दिली. बाबांनी अंथरूण धरलं ते त्याच वर्षी. दुकानाला टाळं लागायला फार काही उरलं नव्हतं, आणि हे मी आजही विसरलेलो नाही.

आम्हाला तारलं महूच्या सुभेदारकाकांनी. पलटणीतून निवृत्त झालेले, बाबांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. नर्मदाकाठी ज्याला बाडस म्हणतात त्या महाशीरच्या मागे आयुष्य घातलेला माणूस; धरलेला बाडस पाण्यातच गळ काढून सोडून देणारा. एका रविवारी ते स्कूटरवरून आले आणि त्या दुकानातलं रीळ माझ्यापुढे ठेवून म्हणाले, “अरे, हे खडकाला नुसतं घासलं तरी तुटतंय. तुझ्यात नि यात फरक काय, तो मला दाखव.”

मी स्टीलच्या ग्लासात विरघळेल तितकं मीठ घातलं. दोन्ही लीडरचे बोटभर तुकडे कापले, बोटांनी ओले करून पाण्यात पूर्ण बुडवून सोडले. आमचा तुकडा सरळ तळाशी गेला. त्या दुकानातला वर आला आणि तरंगत राहिला. फ्लुरोकार्बनची घनता १.७८, नायलॉनची १.१४, आणि मिठाचं पुरतं भरलेलं पाणी १.२च्या आसपास. म्हणजे डब्यात होतं साधं नायलॉन. काका काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारपासून मात्र आमच्या काउंटरवर ग्लास घेऊन बसायला लागले आणि येईल त्याला म्हणायचे, “आण रे तुझं रीळ.” खंडव्याचा दुकानदार सगळ्यात आधी परतला. इतरही आले, पण झाल्या प्रकाराबद्दल एकानेही तोंड उघडलं नाही. ते मला आजही लागतं.

आता कुणी विचारलं नाही तरी सांगतो. रोहू-कटल्याला ०.३० ते ०.३५ची साधी नायलॉन घ्या. कटल्याचे ओठ नाजूक असतात. नायलॉनला ताण खायची सवय असते, म्हणून झटका बसला तरी गळ ओठ फाडून निघत नाही. बेशरमीच्या झुडपांत, शेवाळात मरळ धरायचा तर चाळीस पौंडांची ब्रेड हवी. तिथे लवचिक लाईन कामाची नाही, मासा पहिल्या ओढीतच बाहेर काढावा लागतो. ब्रेड रिळावर भरण्याआधी खाली नायलॉनचे थोडे वेढे द्या, नाहीतर ती रिळावर नुसतीच घसरते. महाशीरच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात; लीडर कापतो तो खडक. म्हणून तिथे फ्लुरोकार्बन. पढिन या मोठ्या माशाच्या जबड्यात मात्र बारीक दातांच्या रांगा असतात, त्याला तारेचा लीडर आणि तार जोडायला नीट दाबलेली धातूची नळी. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी ओढली की घर्षणाने तापते आणि लाईन तिथेच मरते. आणि रीळ गाडीच्या काचेमागे उन्हात टाकून ठेवू नका. उन्हाने नायलॉन सडतं, दिसतं मात्र नवंच.

ओंकारेश्वरचं धरण झाल्यापासून वाहत्या पाण्याचा पट्टा कमी झाला आणि बाडस दिसेनासा झाला. २०११ मध्ये महाशीरला मध्य प्रदेशाचा राज्यमासा केलं, पण पाणी वाहतं राहिलं नाही तर नुसत्या मानाचं काय करायचं? फ्लुरोकार्बनचा आमचा खप त्यामुळे घटला आहे. तरी माल बदललेला नाही.

१६ जून ते १५ ऑगस्ट आपल्याकडे मासेमारी बंद असते. त्या काळात आम्ही लाईन विकत नाही, फक्त जुनी रिळं उघडून साफ करतो. ज्यांना तारेचे लीडर बांधून हवेत त्यांनी माप याच दिवसांत देऊन ठेवावं. दिवाळीच्या तोंडावर हाताला सवड नसते.