एक स्क्रीन, दोन मालकिणी

ईराची खोली म्हणायला ईराची. खरं तर त्या दहा बाय नऊमध्ये दोघी राहतात, सातवीतली ईरा आणि पंच्याहत्तरीच्या माझ्या सासूबाई. एका भिंतीला अभ्यासाचं टेबल, समोरच्या भिंतीला आईंचा पलंग. खुर्चीवरून स्क्रीन दोन फुटांवर, पलंगावरून सात. हे आकडे मी टेप लावून घेतलेत, कारण पुढचा सगळा घोळ याच दोन अंतरांचा आहे.

दिवाळीनंतर दोघींच्या मागण्या एकदमच आल्या. ईराला चौदा इंची लॅपटॉपवर स्क्रॅचचे, म्हणजे मुलांच्या कोडिंगच्या प्रोग्रॅमचे, ब्लॉक मावेनात, आणि हॉलमध्ये मॅच लागली की आईंची मालिका बुडायची. नवरा म्हणाला, "एकच काहीतरी घेऊ. टीव्ही पण, मॉनिटर पण."

आधी अर्थातच फुकटातला प्रयोग. माळ्यावर १९ इंची जुना मॉनिटर होता, फक्त निळ्या व्हीजीए पिनेचा. पुण्यातल्या तापकीर गल्लीतून एचडीएमआयचा, म्हणजे हल्लीच्या लॅपटॉप-टीव्हीच्या चपट्या पिनेचा, कन्व्हर्टर आणला. लॅपटॉप झकास चालला. सेट टॉप बॉक्स जोडला तर काळोख आणि मध्ये एक इंग्रजी सूचना. एचडी बॉक्स चित्र सोडण्याआधी समोरच्या स्क्रीनकडे ओळखपत्र मागतो, चोरून रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून. एचडीसीपी म्हणतात त्याला. व्हीजीएला ती भाषाच येत नाही आणि आमचा कन्व्हर्टरही मुकाच निघाला. आई पलंगावरून म्हणाल्या, "राहू दे गं, मी पोथी वाचते." हा टोमणा होता.

मग दुकान. मी लॅपटॉप, एचडीएमआय केबल आणि डेस्कटॉपवर बालभारतीच्या सातवीच्या मराठी पुस्तकाची पीडीएफ घेऊन गेले. विक्रेत्या मुलाने आधी ३२ इंची टीव्हीपाशी नेलं. "मॅडम, आता जीएसटी पण कमी झालाय." मी सीएच्या ऑफिसात काम करते, त्यामुळे राहवलं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झाला तो ३२ इंचांच्या वरच्या टीव्हीवर. ३२ पर्यंत आधीपासून १८ च होता. तो हसला आणि पुढे जीएसटी काढला नाही.

तो टीव्ही एचडी रेडी होता, म्हणजे १३६६ बाय ७६८ ठिपके. ३२ इंचांत ते पसरले की इंचाला जेमतेम ४९ ठिपके. मालिकेतल्या बाईचा चेहरा लांबून सुरेख दिसतो. पण मी पीडीएफ उघडली आणि दोन फुटांवर उभी राहिले. 'ष्ट' आणि 'ष्ठ' मध्ये फरक कळेना. अनुस्वार शिरोरेघेत बुडालेले, रफार म्हणजे नुसता डाग. इंग्रजी अक्षरं तेवढ्यातही निभावून नेतात. आपल्या अक्षरांना वर-खाली डोलारा असतो, तो आधी कोसळतो. मराठी माध्यमाच्या पालकांनी दुकानात समुद्र आणि पोपटांचे डेमो बघण्यापेक्षा एक जोडाक्षरांनी भरलेलं पान बघावं.

आणखी एक गंमत. टीव्हीला लॅपटॉप जोडला की खालची टास्कबार अर्धी कापली गेली. टीव्हीला चित्राच्या कडा छाटायची जुनी सवय असते. पिक्चर साइज बदलून ती घालवता आली. पण शिक्षकांच्या लाल शेऱ्यांना, म्हणजे पांढऱ्यावरच्या लाल अक्षरांना, कडेने धुरकट झालर होती. टीव्ही बरेचदा शेजारशेजारच्या ठिपक्यांना रंग वाटून देतो. सिनेमात ते कळत नाही, अक्षरात कळतं. त्या एचडीएमआयला मेनूत 'पीसी' असं नाव दिल्यावर झालर गेली. हे विक्रेत्यालाही नवीन होतं.

फुल एचडी ३२ इंच हा मधला मार्ग होता, इंचाला ६९ ठिपके. पण रुंदी ७१ सेंटिमीटर. दोन फुटांवर बसून एक ओळ वाचायला मान फिरवायची, टेनिसची मॅच बघितल्यासारखी. आमचं टेबलही तेवढं रुंद नाही.

आता उरला स्मार्ट मॉनिटर. यातच रिमोट, यातच यूट्यूब, सगळी ॲप्स, लॅपटॉप नसला तरी चालतं. नवऱ्याने मनात विकतच घेतला होता. मी अडले. लॅपटॉप रात्री आमच्या खोलीत येतो, स्क्रीन येणार नाही. चार आकडी पिनचं कुलूप घालता येतं म्हणे. सातवीतल्या मुलीला आजीच्या जन्मसालापर्यंत पोचायला किती वेळ लागतो? शिवाय आईंना ॲप नकोत, चॅनल हवेत, आणि अशा बऱ्याच स्मार्ट मॉनिटरांना ॲन्टेनाचं भोकच नसतं. म्हणजे बॉक्स लागणारच. बॉक्स लागणारच असेल तर त्या हुशारीचे पैसे मी का मोजू?

शेवटी साधाच २७ इंची फुल एचडी मॉनिटर घेतला. इंचाला ८१-८२ ठिपके, अनुस्वार सुटा दिसतो. पॅनल आयपीएस जातीचं, म्हणजे बाजूनेही रंग नीट दाखवणारं, कारण आई पलंगावर तिरक्या आडव्या होऊन बघतात आणि स्वस्त पॅनलवर बाजूने चेहरे करपल्यासारखे दिसतात. दोन एचडीएमआय हवेत, हे मात्र हट्टाने बघितलं. एकच असता तर रोज केबल उपसण्यावरून भांडणं. एका भोकात लॅपटॉप, दुसऱ्यात बॉक्स. लॅपटॉप बंद झाला की मॉनिटर आपणहून बॉक्सकडे वळतो. आवाज, चॅनल सगळं बॉक्सच्या रिमोटवर, जो आईंच्या बोटांना पाठ आहे.

आतले स्पीकर म्हणजे डबीत अडकलेला डास. मागच्या हेडफोनच्या भोकात जुन्या पीसीचे स्पीकर जोडले. त्यांचं बटण फिरवताना खरखरतं, पण आईंना ऐकू येतं.

वीस मिनिटांनी वीस फूट लांब वीस सेकंद बघायचं, हा डोळ्यांचा नियम ईराला सांगितला. खोलीत वीस फूट आहेतच कुठे? मग खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी ठरली. आता ती आम्हाला टाकी कधी भरून वाहते तेही कळवते.

एक गोष्ट माझी चुकली. सात फुटांवरून चेहरे दिसतात, पण बातम्यांची खालची पट्टी आईंना वाचता येत नाही. रात्री नऊला ईरा पुस्तक घेऊन आजीच्या पलंगावर लोळते आणि आई अभ्यासाची खुर्ची ओढून, चष्मा सावरून, स्क्रीनपुढे दोन फुटांवर बसतात.