आमरसाशेजारची कातडी

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी दुपारी फ्रीजवरून कुरबुर ठरलेली. आमरसाचं पातेलं आत जायचं आहे आणि खालच्या कप्प्यात, मेथीच्या जुडीला खेटून, चेनच्या प्लॅस्टिक पिशवीत दोन लांब पट्ट्या घडी घालून बसल्यात. एका बाजूला मखमल, दुसऱ्या बाजूला गोंद. बाहेर पारा ४४ वर. हे काय आहे असं कोणी विचारलं तर 'स्किन' म्हणून सांगू नये. मराठीत सांगितलं तर त्याहून वाईट.

वर नेणारी लिफ्ट नसलेला बर्फाळ डोंगर स्कीने, म्हणजे बर्फावर घसरायच्या लांब फळ्यांनी, चढायचा तर ही पट्टी स्कीच्या तळाला चिकटवतात. पूर्वी खरोखरच सीलची कातडी बांधत. नाव तिथलंच राहिलं. आता अंगोरा बकरीचे केस, म्हणजे मोहेर, नाहीतर नायलॉन, नाहीतर ७० टक्के हे आणि ३० टक्के ते. मोहेर छान सरकतो. नायलॉन धरून ठेवतो आणि जास्त वर्षं टिकतो. केस सगळे मागे झुकलेले. स्की पुढे ढकलली की ते चपटे होतात. मागे घसरायला लागली की तेच बर्फात रुततात.

खानदेशात हे कोणाला वेगळं शिकवावं लागत नाही. माघ-फाल्गुनात गहू पिवळा पडायला लागला की शाळेच्या वाटेवर एक ओंबी तोडायची, देठ वर करून पूर्ण बाहीच्या शर्टात मनगटापाशी सरकवायची आणि हात हलवत चालायचं. कुसळं खाली तोंड करून असतात, त्यामुळे ओंबीला वर जाता येतं, परत येता येत नाही. नाला ओलांडेपर्यंत कोपर, फाटकापाशी दंड. प्रार्थनेला हात जोडले की बरोब्बर काखेत. पोरगं वळवळतंय आणि गुरुजी डोळे मिटून 'ओम' म्हणतायत. ओढून काढायला जावं तर कुसळं शिवणीत अडकतात. शर्ट उतरवणं हाच उपाय, आणि तोही सगळ्या वर्गासमोर.

पण केसांचं काम सोपं आहे, नखरे सगळे गोंदाचे. तो पुन्हा पुन्हा चिकटला पाहिजे आणि निघताना स्कीच्या तळाला काहीही न सोडता निघाला पाहिजे. उन्हाने तो पाघळतो. आपल्याकडच्या माळ्यावर एप्रिल-मे काढला तर घडीतल्या दोन्ही बाजू एकमेकींना अशा धरतात की सोडवताना एकीचा गोंद दुसरीवर जातो. म्हणून मोसम संपला की आधी सावलीत पूर्ण वाळवायची. उन्हात नाही, शेगडीजवळ तर नाहीच. मग मधे जाळी घालून गोंदाला गोंद लावायचा आणि थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवायची. खानदेशात मेमध्ये अशी जागा घरात एकच असते, म्हणून हा वाद. गोधडीचा दोरा, मांजराचे केस, पीठ, काहीही त्याला चालत नाही. दुसऱ्याच्या गोंदाला बोट लावून 'अजून चिकटतोय की' म्हणणाऱ्या माणसाशी मैत्री जपून करावी.

पट्टी कापतानाही हात आवरावा लागतो. दोन्ही बाजूंना साधारण २ मिलिमीटर कमी, म्हणजे स्कीची पोलादी कड उघडी राहते. कड झाकली गेली की कडक बर्फावर आडवं जाताना पकड सुटते.

गुलमर्गला जायचं तर भुसावळला झेलम एक्सप्रेसमध्ये चढताना सहा फुटी पिशवी बघून पहिला प्रश्न ठरलेला. "याच्यात काय हाये भो? ठिबकच्या नळ्या?" हो म्हणावं. जम्मूपर्यंत शांतता राहते.

गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे रोपवे, अफरवट डोंगरावर जवळपास ४,००० मीटरपर्यंत नेतो. राखलेल्या उताराची दोरी ओलांडली की पुढे आपले आपण. चढताना बुटाचा पुढचा भाग स्कीवरच्या पिनांत, टाच मोकळी. पाय उचलायचा नाही, सरकवायचा. नवखा उचलतो आणि तासाभरात त्याच्या मांड्या भरून येतात. चौघं असले तर ताज्या बर्फात वाट पाडायचं काम आळीपाळीने. तासाला ३०० मीटर उंची चढली तर चाल चांगली. उन्हातल्या ओल्या बर्फातून सावलीतल्या कोरड्यात शिरलं की ओली स्किन गोठते आणि तिच्याखाली बर्फाचे गोळे धरतात, पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतातून चालताना चपलेला धरतात तस्से. सकाळीच केसांवर मेण घासलं असेल तर हे टळतं. सकाळी कोणी घासत नाही.

माथ्यावर वारा असतो. पट्टी ओढून काढली की ती फडफडते, आणि गोंदावर बर्फ बसला तर पुढच्या चढाला ती चिकटणार नाही. अर्धी काढायची, दुमडायची, मग उरलेली. आणि थेट जॅकेटच्या आत, पोटाशी, म्हणजे गोंद गार पडत नाही. तरीही दगा दिला तर रबरी पट्टे आवळायचे आणि पुढे चालायचं. मग बूट कसायचे, टाच अडकवायची. चार तास चढून आलेला डोंगर पंधरा मिनिटांत संपणार असतो. हिशेब मांडू नये.

उतार ३० ते ४५ अंशांचा असला की गप्पा थांबतात. हिमस्खलनं बहुतेक याच उतारांवर होतात आणि स्कीची मजाही याच उतारांवर. प्रत्येकाच्या अंगावर ४५७ किलोहर्ट्‌झवर बोलणारं ट्रान्सीव्हर, म्हणजे गाडलेल्याचा माग लावणारं रेडिओयंत्र, पाठीवर फावडं आणि बर्फात खुपसून शोधायची २४० सेंटिमीटरची जोडकाठी. मोबाइल ट्रान्सीव्हरपासून निदान २० सेंटिमीटर लांब, शोधायची वेळ आली तर ५०. गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर बहुधा वाचतो. त्यानंतर आशा झपाट्याने घटते. बाहेरची मदत तेवढ्या वेळात पोचत नाही. सोबतचे मित्र तेवढे हाताशी.

एक जण उतरतो. बाकीचे वर उभे राहून फक्त त्याच्याकडे बघतात. पाणी पीत नाहीत, फोटो काढत नाहीत. तो खाली पोचतो, उताराच्या वाटेतून बाजूला होतो, खडकाच्या आडोशाला थांबतो आणि स्कीची काठी वर करतो. मग दुसरा.