गाठ छातीत, मग काख कशाला उघडता?

“मॅडम, गाठ तर इथं आहे. मग काखेत कशाला चिरा देता?” स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं की हा प्रश्न येतोच. कधी पेशंट स्वतः विचारते, कधी तिचा नवरा, आणि बऱ्याचदा सह्या वगैरे झाल्यावर दारापर्यंत जाऊन परत फिरलेली बहीण. ओपीडीच्या गडबडीत मी “नोड तपासायला” म्हणून मोकळी होते. ते खोटं नाही, पण त्यानं कुणाचं समाधान झालेलं मला दिसत नाही. तुम्हीही हेच विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

रक्तवाहिन्यांतून पेशींपर्यंत पाझरलेलं सगळं पाणी परत रक्तवाहिन्यांत शिरत नाही. उरलेलं पाणी लसिका म्हणून वेगळ्या बारीक नळ्यांतून वाहतं आणि वाटेतल्या लसिकाग्रंथींमधून गाळून पुढे जातं. या ग्रंथींनाच आम्ही नोड म्हणतो. स्तनातली सुमारे तीन-चतुर्थांश लसिका काखेत येते. तिथं चरबीत रुतलेले साधारण 20 ते 30 नोड असतात. गाठीतून कॅन्सरच्या पेशी सुटल्या तर त्यांचा पहिला मुक्काम बहुतेक वेळा इथंच पडतो.

आता काख म्हणजे काय, ते. बाहेरून दिसते ती नुसती कातडीची घडी. खरी काख तिच्या आत, पिरॅमिडच्या आकाराची जागा आहे. पुढची भिंत छातीच्या दोन स्नायूंची, एक मोठा आणि त्याच्यामागे एक छोटा. मागची भिंत खांद्याच्या चपट्या हाडावरच्या आणि पाठीच्या स्नायूंची. आतल्या बाजूला बरगड्या, बाहेरच्या बाजूला दंडाचं हाड. टोक वर, कॉलर बोनच्या मागे, आणि ते मानेकडे उघडं असतं. हाताला जाणारं सगळं त्या फटीतून खाली उतरतं: मुख्य धमनी, शीर आणि मानेतून निघालेल्या नर्व्हचं ते गुंतागुंतीचं जाळं, ज्यानं पहिल्या वर्षाच्या मेडिकलच्या मुलांची झोप उडते.

एवढा मौल्यवान ऐवज, आणि हाडाचं कवच नाही. ते असूच शकत नाही, कारण खांदा हा शरीरातला सगळ्यात जास्त फिरणारा सांधा. भोवती हाडांचा पिंजरा असता तर हात डोक्यावर गेलाच नसता. त्याची किंमत दुसऱ्या विभागांतल्या डॉक्टरांना रोज दिसते. कुबडीवर काखेतून भार टाकत चालणाऱ्याची रेडियल नर्व्ह दाबली जाते आणि मनगट लुळं पडतं, म्हणून भार तळहातावर घ्यायचा आणि कुबडीचा माथा काखेच्या दोन-तीन बोटं खाली ठेवायचा. खांदा निखळला की दंडाच्या वरच्या भागावर बाहेरून बोट फिरवून तिथं स्पर्श कळतो का ते बघायचं, कारण सांध्याच्या खालून वळसा घालून जाणारी नर्व्ह ताणली गेलेली असू शकते.

काख चाचपण्याचीही एक रीत आहे. हात ताठ वर करायला लावला तर आतलं आवरण ताणलं जातं आणि बोटांना काही लागत नाही. म्हणून पेशंटच्या हाताचा सगळा भार मी माझ्या हातावर घेते आणि तिला “हात सैल सोडा” म्हणते. डावी काख असेल तर उजव्या हाताची बोटं जुळवून पार टोकापर्यंत वर सरकवायची, छातीच्या भिंतीवर दाबायची आणि तशीच खाली ओढायची. नोड असेल तर बोटांखालून टपकन निसटतो. मऊ, हलणारा, दुखरा नोड बहुधा हाताला झालेल्या जखमेचा किंवा लशीचा असतो. टणक, न दुखणारा, आत चिकटून बसलेला असेल तर मला काळजी वाटते.

इथं एक सांगून टाकते, कारण घाबरून येणाऱ्यांची संख्या मोठी आहे. काखेतली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, बहुतेक नसतातच. केसाच्या मुळाशी पू होऊन काखमांजरी होते. काहींच्या काखेत स्तनाचाच चुकार तुकडा असतो, तो गरोदरपणात किंवा बाळ अंगावर पीत असताना फुगतो. पण दोन-तीन आठवड्यांत न ओसरणारी गाठ दाखवून घ्यायचीच.

अडचण अशी, की बोटं फसतात. हाताला काहीच न लागलेल्या काखेतही कॅन्सर निघतो. अमेरिकन सर्जन हॉलस्टेड यांनी 1894 साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतले नोड हे सगळं एकसंध काढत. कॅन्सर पायरी-पायरीनं पसरतो, म्हणजे मधली पायरी उखडली की तो थांबेल, असा तो हिशोब. तीन पिढ्या सर्जन त्याच हिशोबानं वागले. मग 1971 मध्ये अमेरिकन सर्जन बर्नार्ड फिशर यांच्या गटानं हाताला नोड न लागणाऱ्या बायकांची तुलना सुरू केली. ज्यांची काख साफ केली, म्हणजे तिथले नोड काढले, त्यांच्यातल्या साधारण 40 टक्के जणींच्या नोडमध्ये कॅन्सर सापडला. म्हणजे ज्यांची काख तशीच ठेवली त्यांच्यातही तो तेवढाच असणार. पण त्यांच्यापैकी 20 टक्क्यांहून कमी जणींना पुढे काखेचं ऑपरेशन लागलं. आणि 25 वर्षांनंतरही जगण्यात फरक निघाला नाही.

म्हणून मी आता पेशंटला सांगते: हाताला नोड लागत नसतील, तर काख उघडायची ती मुख्यतः बातमी काढायला. नोडमध्ये रोग आहे का, किती आहे, यावर केमो आणि रेडिएशनचे निर्णय अवलंबून असतात.

बातमीसाठी सगळी काख रिकामी करणं महागात पडतं. बरगड्यांमधून निघून काखेतल्या चरबीतून आडवी दंडाकडे जाणारी एक बारीक नर्व्ह असते. ती तुटली की दंडाची आतली बाजू बधिर होते. काखेतले केस काढताना ब्लेड लागलं तरी कळत नाही. दुसरी नर्व्ह छातीच्या भिंतीला चिकटून सरळ खाली उतरते. तिला धक्का लागला तर भिंतीवर हात टेकून जोर लावताना खांद्याचं चपटं हाड पाठीवर पंखासारखं उचललं जातं आणि हात पुरता वर जात नाही. तिसरी पाठीच्या मोठ्या स्नायूची. तिच्या सोबतची रक्तवाहिनी आम्ही जिवापाड जपतो, कारण उद्या तोच स्नायू पुढे आणून नवा स्तन घडवता येतो. आणि नोड गेले की लसिकेची वाट तुंबते. सगळे नोड काढलेल्या दर पाचांतल्या साधारण एकीच्या हाताला कायमची सूज येते. अंगठी बसेनाशी होते, ब्लाऊजची बाही घट्ट होते.

सेन्टिनल नोडची युक्ती इथं कामाला आली. अमेरिकन सर्जन डोनाल्ड मॉर्टन यांनी 1992 साली ती मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरसाठी मांडली आणि एक-दोन वर्षांतच ती स्तनाच्या कॅन्सरसाठी वापरात आली. स्तनात निळा रंग किंवा किंचित किरणोत्सारी औषध टोचायचं. ते लसिकेच्या वाटेनंच जातं आणि सगळ्यात आधी ज्या नोडमध्ये पोचतं, तो पहिला पहारेकरी, म्हणजेच सेन्टिनल. काखेतल्या पिवळ्या चरबीत एक निळी रेघ दिसते. ती धरून गेलं की निळा नोड सापडतो. असे एक-दोन-तीन काढून तपासायचे, ते स्वच्छ असतील तर बाकीच्यांना हात लावायचा नाही. (दुसऱ्या दिवशी लघवी हिरवट-निळी झाली म्हणून घाबरून फोन येतात. तो रंगच असतो.)

यावर पुढचा प्रश्न ठरलेला: “आणि त्यात कॅन्सर निघाला तर सगळे काढणार?” पूर्वी हो म्हणायचो. 2011 साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासानं दाखवलं, की छोटी गाठ असेल, फक्त गाठ काढून स्तन राखला असेल, पुढे रेडिएशन होणार असेल आणि एक-दोनच सेन्टिनल नोडमध्ये रोग असेल, तर उरलेले न काढताही निकाल तितकाच चांगला लागतो. हाताला नोड लागत असतील, सुईच्या तपासणीत त्यांत रोग सापडला असेल, तर गोष्ट वेगळी. मग आधी केमो द्यायची, की काख साफ करायची, की दोन्ही, ते प्रत्येकीचं वेगळं ठरतं. म्हणून सही करण्याआधी सर्जनला एवढं विचारून घ्या: माझे फक्त सेन्टिनल नोड काढणार, की सगळे? आणि सगळे असतील, तर का?