खान्देशातली जेवणं: घरची खिचडी, शेतातलं भरीत आणि ढाब्यावरची शेवभाजी

मार्गशीर्ष लागला की जळगाव जिल्ह्यातल्या शेताशेतांतून धूर दिसू लागतो. चातुर्मासभर वांगं वर्ज्य असलेली घरं चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात, आणि तिथून थंडी ओसरेपर्यंत भरताच्या पार्ट्या चालतात. घरच्यापुरतं भरीत कुणी शेतात जाऊन करत नाही. पाहुणे येतात, शेजारी येतात, ऑफिसची मंडळी येतात, कुणाचे तरी शाळासोबती येतात. ते बघायला, करायला आणि अर्थातच खायला आम्ही निघालो.

आम्ही म्हणजे पुण्यातले काही खाण्यावर जीव असलेले लोक. आळीपाळीने एकमेकांच्या घरी जेवायचं आणि त्या दिवशी घरात जे शिजणार असेल तेच खायचं, असा आमचा शिरस्ता. आमटी असेल तर आमटी, पिठलं असेल तर पिठलं. आमच्यातला एकजण यावल तालुक्यातला. दर हिवाळ्यात त्याच्या घरून वांगी येतात, तो ती गॅसवर भाजून आम्हाला खाऊ घालतो, आणि पहिल्या घासाला मान हलवून म्हणतो, "गावाले या एकदा, मग समजीन." यंदा त्याच्या आईनेच बोलावणं धाडलं.

रात्री महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडली. चाळीसगाव मागे पडलं की काळी माती आणि कपाशी सुरू होते. जळगाव आलं की केळीच्या बागा. भुसावळला उतरून तापीचा पूल ओलांडला आणि यावलच्या वाटेला लागलो. उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग सोबत असते. इथलंच बामणोद हे गाव भरताच्या वांग्यांसाठी प्रसिद्ध आहे. पांढऱ्या रेषा असलेलं फिकट हिरवं, लांबट, चांगलं दणकट वांगं. त्यात बिया कमी, गर भरपूर. जळगावच्या या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पुण्यात आपण ज्याला भरताचं वांगं म्हणतो ते जांभळं, काळपट. दोन्ही शेजारी ठेवून चाखल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: हिरव्या वांग्याच्या गराला जो गोडवा आहे, तो त्या जांभळ्यात नाही.

पण आधी पहिल्या रात्रीबद्दल. बेत दुसऱ्या दिवशीचा होता, त्यामुळे त्या संध्याकाळी मित्राच्या आईने, म्हणजे आमच्या काकूंनी, घरात रोज होतं तेच केलं. तुरीच्या डाळीची खिचडी. हळद, मीठ आणि मूठभर शेंगदाणे एवढंच आत, आणि ती मऊ पण मोकळी शिजवलेली. ताटात वाढली की मध्ये खळगा करायचा आणि त्यात शेंगदाण्याचं कच्चं तेल ओतायचं. शेजारी एका वाटीत लसूण आणि सुकी लाल मिरची तळून ठेवलेलं गरम तेल. ज्याला तिखट हवं त्याने ते घ्यावं. पातळ कढी, कैरीचं लोणचं, आणि भाजलेले बिबडे. बिबडे म्हणजे भिजवलेल्या ज्वारीचं पीठ शिजवून, त्यात तीळ-लसूण घालून, उन्हाळ्यात कापडावर थापून वाळवलेले पापड. निखाऱ्यावर धरले की कडा काळसर होतात आणि ज्वारीचा खरपूस वास घरभर पसरतो.

कच्चं तेल म्हटल्यावर आमच्यातली एक कोकणी मैत्रीण जरा थबकली. काकूंनी तिच्या ताटात स्वतःच्या हाताने तेल ओतलं, वर बिबडा चुरला आणि म्हणाल्या, "कालव अन् खाय. नाई आवडलं तं सांग, तूप देते तुले." तिने तूप मागितलं नाही. घाण्याच्या तेलाला दाण्याचा असा ताजा वास होता की फोडणीत तो जाळून टाकावासा वाटू नये. सगळ्या प्रवासात मी जे जे जेवले त्यात मला ही खिचडी सर्वांत वर ठेवावीशी वाटते. भरतासाठी लोक लांबून येतात, खिचडीसाठी कुणी येत नाही. ती फक्त घरात मुक्काम करणाऱ्याला मिळते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात. कपाशी वेचून झालेल्या रानातल्या वाळलेल्या पऱ्हाट्या ढीग करून ठेवलेल्या होत्या. पऱ्हाटीचा जाळ भसकन चढतो आणि लवकर बसतो, भरताला तोच हवा. वांग्यांना आधी टोचे मारले, तेलाचा हात लावला आणि ओळीने आगीत मांडली. मग लांब काठीने ती फिरवत राहायचं. हे काम मित्राच्या काकांचं, दुसऱ्या कुणाला काठी मिळत नाही. वांगं कधी झालं ते ते दाबून बघत नाहीत. देठाकडून वाफेची शिटी यायला लागली की बाहेर ओढतात. "देठापाशी कच्चं राह्यलं तं सगळं भरीत कडू," एवढं एकच वाक्य त्यांनी मला समजावणीदाखल सांगितलं.

मग सोलणं, आणि इथे सगळ्यांचे हात लागतात. देठ धरून वांगं उचलायचं, बोटं पाण्यात बुडवून जळकी साल ओढायची. साल निघाली की आतला गर फिकट हिरवा, चकचकीत, आणि त्याला पऱ्हाटीच्या धुराचा वास. तो लाकडी उखळीत टाकून ठेचतात. मिक्सर नाही, चमचा नाही. ठेचल्यामुळे गराचे धागे राहतात, त्याची पेस्ट होत नाही. दुसरीकडे हिरव्या मिरच्या आणि लसूण तेलावर परतून कुटलेलं. मोठ्या पातेल्यात भरपूर तेल, त्यात शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, ही कुटलेली मिरची, मग बारीक चिरलेली कांद्याची पात, ठेचलेलं वांगं आणि शेवटी कोथिंबीर. हळद नाही, टोमॅटो तर नाहीच. भरीत हिरवं दिसलं पाहिजे. काही जण फोडणी न देता कच्चंच कालवतात. मी दोन्ही खाल्लं आणि मला कच्चं जास्त आवडलं, कारण त्यात धूर पुढे येतो.

सोबत कळण्याची भाकरी. ज्वारीत अख्खे काळे उडीद आणि मीठ घालून दळलेलं पीठ. काकूंचं माप चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद. उडदामुळे भाकरी थापायला सोपी जाते आणि गार झाली तरी मऊ राहते. केळीची पानं तर बागेतूनच आली. पंगत बांधावर बसली. शेजारच्या शेतातली मजूर बाया-माणसं, ट्रॅक्टरवाला, कुणाचा तरी मेहुणा, आम्ही, सगळे एका ओळीत. वाढणारे काका प्रत्येकाच्या पानावर दुसऱ्यांदा भरीत टाकताना नको म्हणू देत नव्हते. "घ्या ना भो, एवढ्याशानं काय व्हतं?" माझ्या शेजारी बसलेल्या आजींनी कांद्याची एक अख्खी पात माझ्या पानावर ठेवली आणि भाकरीच्या घासात ती कशी गुंडाळायची ते करून दाखवलं. पातीचा कचकचीत तिखटपणा आणि भरताचा मऊपणा एका घासात आले की आणखी चटणी, कोशिंबीर काही लागत नाही.

त्याच संध्याकाळी गावातल्या एका मावशींकडे मांडे होताना बघायला मिळाले. त्या लग्नाकार्याच्या ऑर्डरी घेतात. चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खापर, आणि पाणी लावलावून इतकी सैल केलेली कणीक की ती हातावरून ओघळते. पुरण भरलेला गोळा त्यांनी दोन्ही हातांवर घेतला, मनगटावरून कोपरापर्यंत फिरवत फिरवत ताणला, आणि खापरावर अलगद सोडला. पुरण कुठेही फुटलं नाही. दूध आणि तूप घालून खाल्ला. उन्हाळ्यात आमरसासोबत खातात.

जळगावच्या रस्त्यावर ढाब्यात शेवभाजी खाल्ली. बाहेर खायचं झालं तर खान्देशात हीच. कांदा आणि सुकं खोबरं थेट निखाऱ्यावर काळं होईपर्यंत भाजून वाटायचं, त्यात काळा मसाला, आणि वर लालभडक तर्री. जाड तिखट शेव वाढताना घालतात, आधी घातली तर तिचा लगदा होतो. आमच्या कोल्हापूरच्या दोस्ताने रस्सा चाखून लगेच स्वयंपाकघर गाठलं आणि ढाबेवाल्या दादांशी मसाल्यावर बराच वेळ गप्पा मारल्या. परतताना त्याच्या हातात कागदात बांधलेला मसाला होता आणि दादांकडे त्याच्या आईची कांदा-लसूण चटणी.

निघायच्या आदल्या रात्री चूल आमच्या ताब्यात आली. काकूंनी बसून राहायचं, हे ठरवायलाच खूप वाद झाला. कोकणी मैत्रिणीने बरोबर आणलेल्या आगळाची सोलकढी केली, सोलापूरकराने शेंगाचटणी काढली, मी माझ्या आईच्या पद्धतीने चिंचगुळाची आमटी आणि भात. काकांना आमटीतला गूळ फारसा पटला नाही, तसं त्यांनी सांगितलंही, पण भात दोनदा घेतला. काकू सोलकढीचं भांडं संपेपर्यंत उठल्या नाहीत. आगळ कुठे मिळतं, किती टिकतं, नारळाशिवाय होते का, सगळं विचारून घेतलं. ताज्या नारळाच्या दुधाऐवजी शेंगदाण्याचं दूध काढून बघते म्हणाल्या. कशी लागेल कोण जाणे, पण मला ती चाखायची आहे.

कुणाला जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारी हे दिवस उत्तम. शेत ओळखीचं नसेल तरी जळगाव शहरात या मोसमात भरीत किलोवर विकणारी भरीत सेंटर ठिकठिकाणी असतात. सकाळी लवकर जावं. घरी नेण्यासाठी वांगी घेताना देठ हिरवं आणि काटेरी बघून घ्या आणि हातात घेतल्यावर वांगं आकाराच्या मानाने हलकं लागलं पाहिजे, जड वांग्यात बिया असतात. आणि कळण्याचं पीठ तिथूनच दळून आणा.