एक गेले, एक घरी गेली

पाच दिवस सलाईनवर झुंजणारे आठ आठवड्यांचे पिल्लू आज पहाटे माझ्या मांडीवर गेले. त्याला पार्व्हो, म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार, झाला होता. वेळेवर लस मिळाली असती तर ते बहुधा वाचले असते, पण आमच्याकडे आले तेव्हाच त्याला रक्ताची हगवण लागलेली होती. हा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो, म्हणून रडू आवरून आधी पिंजरा ब्लीचने धुतला आणि कपडे बदलून मगच इतर पिल्लांना हात लावला.

दुपारी आमच्या तीन पायांच्या राणीला एका निवृत्त शिक्षिकेने कायमचे घरी नेले. रिक्षात बसल्यावर तिने एकदाच वळून पाहिले आणि बाईंच्या पदरात तोंड खुपसले. रात्री जेवणाच्या वाट्या मांडताना सवयीने दोन जास्तच मांडल्या गेल्या.